नवीन बिल्डिंग इन्स्पेक्टरची परीक्षा आणि ट्रेनिंग कसं असावं? सूचना हव्यात

सिव्हिलवाली_फुलेवाडी

नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण वाचा आणि मनापासून उत्तर द्या ही विनंती. मी डिप्लोमा सिव्हिल, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत बांधकाम परवानगीचं काम बघते, तीन वर्षं होत आली. ऑर्डरवर पद कनिष्ठ अभियंता आहे पण साईटवर सगळे इन्स्पेक्टर मॅडमच म्हणतात. आता आमच्याकडं नवीन भरतीची पोरं येणार आहेत आणि साहेबांनी मला सांगितलंय की ह्यांचं ट्रेनिंग कसं असावं, एकटं साईटवर सोडायच्या आधी खात्याची एखादी परीक्षा घ्यावी का, घेतली तर कसली, यावर दोन-तीन पानं लिहून दे, वर पाठवूया. पंधरा दिवस दिलेत. नुसता कागद भरायला मला हे लिहायचं नाही म्हणून इथं विचारतेय.

माझी परीक्षा कशी झाली ते सांगते. कॉम्प्युटरवर, चारातला एक पर्याय निवडायचा. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि मग टेक्निकल. टेक्निकलमध्ये पण फ्लुइड मेकॅनिक्स, रेल्वेचे स्लीपर, धरणाचे प्रकार असलं सगळं, कारण पेपर सगळ्या सिव्हिलवाल्यांना एकच असतो, उद्या तुम्हाला पाणीपुरवठ्यात टाकतील, रस्त्यात टाकतील का बांधकाम परवानगीत हे आधी कुणालाच माहीत नसतं. युडीसीपीआरचं, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचं, पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते नोकरी लागल्यावर.

रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी मला एकटीला प्लिंथच्या म्हणजे जोत्याच्या चेकिंगला पाठवलं. मी टेप लावून सामासिक अंतरं, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंतची मोकळी जागा, मोजली, प्लिंथची मापं नकाशाशी जुळवली, सगळं बरोबर होतं. प्लिंथच्या वर तळमजल्याच्या कॉलमचं स्टील, म्हणजे उभ्या सळया आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा, बांधून तयार होतं. ठेकेदार म्हणाला मॅडम स्टीलचा पण फोटो काढा रेकॉर्डला, मी काढला. माझे पप्पा गवंडीकाम करायचे, संध्याकाळी त्यांना कौतुकानं तो फोटो दाखवला तर ते एकदम गप्प झाले. म्हणाले, ह्या रिंगांची टोकं बघ, नुसती काटकोनात वाकवल्यात, आत वळवलेलीच नाहीत, हादरा बसला तर उघडून येतील. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी साडेआठला पोचले तर सात वाजताच काँक्रीट पडलेलं. त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनियरना कळवलं, त्यांनी वरच्या मजल्याला दुरुस्त करून घेतलं, पण खालचे आठ कॉलम तसेच आहेत. आता तिथं एक कुटुंब राहतंय, लहान मुलं आहेत, आणि मला ऑफिसला जायचा रस्ता त्याच गल्लीतून आहे.

माझ्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये रिंगांचा रकानाच नव्हता, म्हणजे कागदावर माझी चूक नाही. पण मला ते दिसायला पाहिजे होतं आणि दिसलं नाही, आणि मी परीक्षेत जिल्ह्यात चांगल्या नंबरात होते.

तर सांगा, कसली परीक्षा घेतली असती तर मी त्या दिवशी नापास झाले असते आणि मला एकटीला पाठवलं नसतं?

निवृत्त_ओव्हरसिअर

ताई, शेवटचा प्रश्न वाचून दोन मिनिटं थांबलो. असं विचारणारी माणसं खात्यात आहेत ह्याचंच बरं वाटलं.

मी १९८३ ला लागलो आणि २०१४ ला रिटायर झालो. आमच्या वेळी पण लेखी परीक्षेत साईटचं काही नसायचं, फरक एवढाच की लागल्यावर पहिले सहा-आठ महिने सिनियरच्या मागं फिरायला मिळायचं. माझे साहेब मला साईटवर न्यायचे, पाच मिनिटं काही न बोलता उभं करायचे आणि मग विचारायचे, काय दिसलं सांग. मी म्हणायचो सगळं ठीक आहे. मग ते खाली बसून दाखवायचे, स्लॅबच्या सळया थेट फरम्यावर टेकल्यात, सळई उचलून धरणारा कव्हर ब्लॉक कुठंय, हा टेका विटेच्या तुकड्यावर उभा केलाय, खालची माती ओली आहे, रात्रीत बसला तर? तीन महिन्यांनी मला आपोआप दिसायला लागलं. पुस्तकातनं ते आलं नसतं. पुढं माणसं कमी झाली, फायली वाढल्या, आता सगळं ऑनलाईन, टेबलावरचं काम उरकेना त्यामुळं सिनियरच साईटवर जात नाही तर नवीन पोरगा कुणाच्या मागं फिरणार. ट्रेनिंग होतं ते सॉफ्टवेअरचं होतं, लॉगिन कसं करायचं, शेरा कसा टाकायचा.

माझी पहिली सूचना, लेखी परीक्षा पुस्तक उघडून द्यायला लावा. युडीसीपीआर २ डिसेंबर २०२० ला आली, तेव्हापासून किती दुरुस्त्या झाल्या, ती पाठ करून काय उपयोग? पाठ केलेला माणूस तर जास्त धोक्याचा, जुना नियम छातीठोक सांगतो. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिलच्या इन्स्पेक्टरच्या परीक्षा आहेत त्या ओपन बुकच असतात, कोडचं पुस्तक शेजारी ठेवायचं, वेळ मोजका, आणि बघतात काय तर तुला नियम सापडतो का आणि लावता येतो का. इथं पण तसंच करा. एक खरा नकाशा द्या, नावं झाकून, त्यात सामासिक अंतर, जिन्याची रुंदी, पार्किंग, सगळं आहे, दीड तास द्या, चुका शोध आणि प्रत्येक चुकीपुढं नियम नंबर लिही.

अजून एक गोष्ट मला कायम खटकत आली. स्वच्छता निरीक्षक व्हायचं तर त्याचा वेगळा डिप्लोमा लागतो. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तो कोर्स कित्येक वर्षं चालवते, आणि ते बरोबरच आहे, लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. मग ज्याच्या सहीवर माणसं घरात राहायला जातात त्याला वेगळा कोर्स नको?

शिरोली_क्वालिटी

मी सिव्हिलचा नाही, फाउंड्रीत क्वालिटीला आहे, १६ वर्षं झाली. पण ताईंचा प्रश्न मला रोजचा वाटला म्हणून लिहितो.

आमच्याकडं कास्टिंग तपासायला नवीन पोरगं आलं की त्याला लेखी काय विचारत नाही. आम्ही पन्नासएक नग ठेवलेले असतात, त्यातले काही चांगले, काहीत ब्लो होल म्हणजे हवेचं भोक, काहीत बारीक क्रॅक, काही अगदी काठावरचे. कुठला नग कसला हे आम्हाला माहीत, त्याला नाही. तो एकेक बघून ओके किंवा रिजेक्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी तेच नग क्रम बदलून परत देतो. मग बघायचं, ह्यानं काल ओके म्हटलेला नग आज रिजेक्ट केला का, दोन पोरांचं एकमेकांशी जुळतंय का, आणि खऱ्या उत्तराशी किती जुळतंय. गाडीच्या कंपन्यांना माल देणाऱ्या कुणालाही विचारा, एमएसए म्हणजे मेजरमेंट सिस्टीम ॲनालिसिस म्हणतात ह्याला, ह्याशिवाय माणसाला लाईनवर उभंच करत नाही. आणि वाईट नग चांगला म्हणून सोडला तर ती सगळ्यात मोठी चूक धरतात, चांगला नग बाद केला तर त्यामानानं छोटी.

तर माझं म्हणणं, तुमच्या पालिकेच्या मोकळ्या जागेत किंवा जवळच्या पॉलिटेक्निकच्या आवारात एक खोली बांधा की. खरी खोली, म्हणजे दोन-चार कॉलम, एक बीम, थोडा स्लॅब, स्टील बांधलेलं पण काँक्रीट न टाकलेलं. आणि त्यात मुद्दाम चुका करून ठेवा. एका कॉलमच्या रिंगा ताईंच्या फोटोतल्यासारख्या काटकोनात, दुसऱ्याच्या बरोबर. एकीकडं कव्हर ब्लॉक गायब. काही कॉलम बरोबर पण ठेवा, नाहीतर पोरं सगळ्यालाच चूक म्हणत सुटतील. सळई बांधून सोडता येते, त्यामुळं दर वेळी चुका बदलता येतात. एक गवंडी आणि एक सळई बांधणारा फिटर दोन दिवसात उभं करतील. खर्च फार नाही, भंगारातल्या सळया चालतील.

ह्या खोलीत ताई त्या दिवशी नापास झाल्या असत्या आणि पंधरा दिवसांनी पास पण झाल्या असत्या. चुकीची रिंग एकदा हातानं चाचपून बघितली की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

स्ट्रक्चर_राजारामपुरी

वरची कल्पना मला फार आवडली. मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे त्यामुळं त्या खोलीत काय काय चुका ठेवायच्या ते सांगतो, कारण साईटवर त्याच त्याच चुका मी वीस वर्षं बघतोय.

रिंगेचा हूक १३५ अंशात आत वळलेला पाहिजे आणि वळणानंतरचा सरळ भाग सळईच्या जाडीच्या सहापट, कमीत कमी ६५ मिलिमीटर, हे आयएस १३९२० ह्या भूकंपासाठीच्या भारतीय मानकात आहे. आपल्याकडं कशाला भूकंपाचं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत, घरात विचारा. दुसरी चूक कॉलमच्या सळयांचा जोड. तो कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्यायचा असतो, आणि जवळपास प्रत्येक छोट्या साईटवर तो स्लॅबच्या लगेच वर असतो कारण फिटरला तिथं सोपं पडतं, आणि भूकंपात सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो. तिसरी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. कॉलमला ४० मिलिमीटर, स्लॅबला २०. पुरात भिजणाऱ्या भागात तर कव्हर कमी म्हणजे दहा वर्षात सळई गंजून प्लास्टर फुटणार हे ठरलेलं.

चौथी फरमा कधी काढायचा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके सात दिवस, त्याच्यावर चौदा दिवस, सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमचे एकवीस दिवस, हे आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या मानकात आहे, पण ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी. आपल्या साईटवर बहुतेक पीपीसी म्हणजे राख वगैरे मिसळलेलं सिमेंट येतं, ते ताकद हळू धरतं, मग दिवस वाढवायला लागतात. हा प्रश्न लेखी पेपरात जरूर घाला. सातवा दिवस पाठ असलेले शंभर निघतील, पोत्यावर काय लिहिलंय ते आधी वाचणारा एखादाच.

पाचवी क्यूब टेस्ट. १५० मिलिमीटरचे ठोकळे, तीन ठोकळ्यांचं एक सँपल, २८ दिवसांनी फोडायचे. इन्स्पेक्टरला रिपोर्ट वाचता आला पाहिजे पण त्याच्याही आधी त्यानं ठोकळे भरताना एकदा तरी उभं राहिलं पाहिजे, म्हणजे कळतं की लॅबला जाणारा ठोकळा आणि कॉलममध्ये जाणारा माल एकच आहे का. आणि रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर टेकवून ताकदीचा अंदाज घ्यायचं यंत्र, हातात दिला म्हणजे ताकद कळली असं समजू नका, त्याच्या आकड्यात २५ टक्के इकडंतिकडं होऊ शकतं, हे ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगा. मी हॅमर मारून बिल्डिंगला पास म्हणणारे बघितलेत.

आता एक अवघड गोष्ट. कायद्यानं डिझाईनची आणि मजबुतीची जबाबदारी माझी आहे, म्हणजे सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरची. पालिकेचा माणूस मापं, वापर, मंजूर नकाशा बघतो. त्यामुळं इन्स्पेक्टरनं डिझाईन तपासायला जाऊ नये, तेवढा वेळ नाही आणि ते त्याचं कामही नाही. पण डिझाईनप्रमाणं बांधलं जात नाहीये हे उघड दिसत असेल तर थांबवायचं आणि आम्हाला फोन करायचा. आमच्यातले काही सही करून साईटवर फिरकत नाहीत हे मी मान्य करतो, लाज वाटते. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला तारिक गार्डन पडली, १६ माणसं गेली, बिल्डिंग दहा वर्षांची पण नव्हती. त्या आठवड्यात मी माझ्या चालू साईट सगळ्या फिरून आलो.

जाता जाता, इंग्लंडचं बघा. लंडनमधली ग्रेनफेल टॉवर ही उंच रहिवासी इमारत जून २०१७ मध्ये जळाली, ७२ लोक मेले, त्यानंतर त्यांनी २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आणला आणि एप्रिल २०२४ पासून बिल्डिंग इन्स्पेक्टरला रजिस्ट्रेशन सक्तीचं केलं. चार वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे शिकाऊ, तो देखरेखीखालीच काम करणार. दुसऱ्या वर्गाला इन्स्पेक्टर म्हणायचं, पण त्यातही कुठल्या प्रकारच्या इमारती त्याला झेपतात ते ठरवून दिलेलं. तिसरा स्पेशालिस्ट, चौथा टेक्निकल मॅनेजर. आणि रजिस्ट्रेशन चार वर्षांचं. वीस-तीस वर्षं नोकरी झालेल्यांना पण परत असेसमेंट द्यायला लागलं, त्यावरून तिकडं बरीच ओरड झाली, पण मागं घेतलं नाही.

बांधकामवाला_पाचगाव

सगळ्यांचं वाचलं. मी छोटी कामं घेतो, बंगले, रो हाऊस, तीन मजल्यापर्यंत. आमच्या बाजूनं पण ऐका.

मला कडक इन्स्पेक्टरचं वावडं नाही. मला त्रास कशाचा होतो तर एक माणूस येऊन एक सांगतो, त्याची बदली झाली की दुसरा येऊन तेच चूक म्हणतो. एका जिन्यासाठी मला दोनदा तोडफोड करायला लागलीय, दोन्ही वेळा नियम एकच दाखवला आणि अर्थ दोन. राज्यभर एक नियमावली आली तेव्हा आम्हाला वाटलं आता हे संपलं, पण पुस्तक एक असून वाचणारे वेगळे असले तर काय उपयोग. फाउंड्रीवाल्या दादांनी ते दोन पोरांचं एकमेकांशी जुळतंय का बघतात म्हटलं ना, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एकच नकाशा तुमच्या सगळ्या इन्स्पेक्टरना द्या आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. जिथं जुळत नाही तिथं साहेबांनी बसून एक अर्थ ठरवावा आणि तो बोर्डावर लावावा म्हणजे आम्हाला पण वाचता येईल.

दुसरं, वेळेवर या. काँक्रीटचा दिवस ठरला की मिक्सर, लिफ्ट, पंधरा-वीस माणसं सांगितलेली असतात, ती थांबली तर दिवसाचा पगार अंगावर येतो. इन्स्पेक्टर संध्याकाळपर्यंत आला नाही की मग सकाळी सातला काँक्रीट पडतंच. ताईंच्या साईटवर त्या बघून गेल्या होत्या, तरी सातलाच पडलं. तो ठेकेदार वाईट होता असं मी म्हणणार नाही, त्याला रिंग माहीतच नसेल. खरं तर त्या खोलीत आम्हाला आणि आमच्या फिटरना पण एक दिवस बोलवा. मी माझी चार पोरं घेऊन येतो, त्या दिवसाची हजेरी मी देईन.

दुधाळीकर

मी इंजिनियर नाही. आमच्या घरात २००५, २०१९ आणि २०२१ तिन्ही वेळा पाणी आलं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की आम्ही सामान माळ्यावर टाकायला लागतो, ४३ म्हणजे घर सोडायचं.

पूर गेल्यावर घर तपासायला माणूस येतो त्याच्याबद्दल लिहितो. २०१९ नंतर आमच्याकडं जो आला तो बिचारा सकाळपासून फिरत होता, दारातनं बघून गेला, भिंतीचा फोटो काढला. आमच्या मागच्या खोलीची भिंत मातीत बांधलेली होती, आठ दिवस पाण्यात होती, वरून प्लास्टर चांगलं दिसत होतं. पंधरा दिवसांनी ऊन लागल्यावर ती बसली. घरात कुणी नव्हतं म्हणून वाचलो. भिजलेली भिंत वाळताना पडते हे आमच्या आजीला माहीत होतं, त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळं कोल्हापूरच्या ट्रेनिंगमध्ये पुराचा वेगळा दिवस पाहिजे. पुराची निळी रेषा कुठली, लाल कुठली, नवीन बांधकामाचं जोतं लाल रेषेच्या किती वर पाहिजे, मीटर आणि स्विचबोर्ड किती उंचीवर, आणि पाणी ओसरल्यावर कुठल्या दिवशी परत येऊन बघायचं.

आणि धोकादायक इमारतीची नोटीस कशी द्यायची ते पण शिकवा. पेठेतल्या जुन्या वाड्यात सत्तरीतली माणसं भाड्यानं राहतात, दारावर कागद चिकटवला सी-१ म्हणून, त्यांना वाटतं मालकानं पालिकेला हाताशी धरून बाहेर काढायचा डाव केलाय. सी-१ म्हणजे लगेच रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्ती चालेल, सी-३ किरकोळ, एवढं जरी समोर बसून समजावून सांगितलं तरी निम्मी भांडणं कमी होतील. हे बोलणं कुठल्याच पेपरात येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही खासबागेजवळ उभे होतो. १९१५ ची वास्तू डोळ्यासमोर गेली. त्या दिवसापासून जुनं लाकूड आणि नवीन वायरिंग एकत्र दिसलं की माझं लक्ष तिकडंच जातं. तुमच्या पोरांचं पण जाऊ दे.

निवृत्त_ओव्हरसिअर

दुधाळीकर, भिंतीचं बरोबर सांगितलंत. १९८९ च्या पावसात मी स्वतः असली एक भिंत ओके करून आलो होतो. रात्री पडली. जनावरं दगावली, माणूस नाही. साहेब काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मला परत तिथंच घेऊन गेले आणि पडलेल्या मातीचा एक ढेकूळ हातात दिला. बाहेरून कोरडा, मोडल्यावर आत ओला गारा.

सिव्हिलवाली_फुलेवाडी

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. दोन दिवस सगळं वहीत उतरवून काढलं, आता टिपण असं लिहिते आहे, चुकत असेल तर सांगा.

भरतीची परीक्षा आमच्या हातात नाही, ती राज्याची आहे, त्यामुळं त्यावर एकच परिच्छेद, की बांधकाम परवानगीसाठी वेगळी पदं आणि वेगळा टेक्निकल पेपर असावा. खरा भर रुजू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांवर. पहिले दोन महिने एकट्यानं साईट नाही, सही नाही, सिनियरबरोबर निदान तीस भेटी, आणि प्रत्येक भेटीनंतर आधी नवीन माणसानं आपलं निरीक्षण लिहायचं आणि मग सिनियरनं आपलं, दोन्ही कागद एकाच फायलीत. म्हणजे काकांच्या साहेबांचं ते काय दिसलं सांग. मग नकाशाची ओपन बुक परीक्षा. मग चुकांची खोली, दोनदा, चुका बदलून. त्यात पास होईपर्यंत इंग्लंडच्या पहिल्या वर्गासारखं देखरेखीखाली. पास झाल्यावर पण आधी तळमजला अधिक एकपर्यंतच, उंच इमारती वर्षानंतर. पुराचा आणि जुन्या वाड्यांचा दिवस पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, आणि तो दर वर्षी, जुन्यांना पण.

रिपोर्टच्या फॉर्ममध्ये पाच रकाने नवीन मागितलेत, रिंगेचा हूक, सळईचा जोड, कव्हर, टेके, सिमेंटचा प्रकार. आणि शेवटी एक ओळ, डिझाईनशी जुळत नाही असं दिसल्यास स्ट्रक्चरल इंजिनियरला किती वाजता कळवलं.

काम थांबवण्याची नोटीस कशी लिहायची याचा पण अर्धा दिवस ठेवलाय, एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ५३ आणि ५४, कारण मला पहिली नोटीस लिहिताना चार तास लागले होते आणि शेवटी ती तारखेवरून बाद झाली. फोटोवर तारीख, वेळ, जागा आलीच पाहिजे हे सक्तीचं. हे मी मुद्दाम घालतेय. साईटवर उभं असताना फोन येतात, जाऊ द्या मॅडम, आपलाच माणूस आहे. ट्रेनिंगनं फोन यायचे थांबणार नाहीत हे मला माहीत आहे. पण चूक कागदावर आणि फोटोत नोंदलेली असली, आणि दुसऱ्या इन्स्पेक्टरनं त्याच खोलीत तीच चूक ओळखलेली असली, की मला सांगता येतं हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही.

एक अडलंय. खोलीत पास-नापास कुणी ठरवायचं? आमचेच साहेब ठरवणार असतील तर माणसं कमी आहेत म्हणून आठवड्यात सगळ्यांना पास करतील, त्यांचा पण नाइलाज असतो.

स्ट्रक्चर_राजारामपुरी

तिघं असू देत. एक पॉलिटेक्निकचे सर, एक दुसऱ्या पालिकेचा अभियंता, एक बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनियर ज्याची तुमच्या हद्दीत चालू साईट नाही. मी येऊ शकत नाही, माझ्या आहेत. पण चुकांची यादी मी ड्रॉइंगसकट काढून देतो, आठ दिवसात.

शिरोली_क्वालिटी

आणि बरोबर उत्तरांची यादी चुका करणाऱ्या फिटरकडंच बंद पाकिटात ठेवा, साहेबांना पण आधी सांगू नका. साहेबांना पण एकदा त्या खोलीतनं फिरवा. आमच्याकडं क्वालिटी मॅनेजर सुद्धा दर वर्षी ते पन्नास नग बघतात, त्यांचा निकाल पण बोर्डावर लागतो.

सिव्हिलवाली_फुलेवाडी

हे साहेबांना कसं सांगायचं ते बघते, पण घालते टिपणात. पप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले खोलीच्या रिंगा मी बांधतो, बरोबरच्या पण आणि चुकीच्या पण, मला दोन्ही येतात. पाचगावच्या दादा, तुमची चार पोरं तेव्हाच आणा, बांधताना बघतील.

बांधकामवाला_पाचगाव

तारीख कळवा. रविवार असला तर सहा आणतो.